वारसदारांच्या यादीत कॉलेज

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक होते. १९३० साली ते वारले, तेव्हा नागपूर विद्यापीठ उणेपुरे सात वर्षांचे होते. त्यांच्या मृत्युपत्रानुसार या कोवळ्या विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये मिळाले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या शिक्षणासाठी ते खर्चायचे होते. त्याआधी दहा वर्षे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले होते आणि त्या देणगीचा गाजावाजा देशभर झाला होता. कामठीच्या या गृहस्थाने त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम एका कागदावर लिहून ठेवली. त्यातून १९४२ मध्ये नागपूरला लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. तेल, कागद, प्लॅस्टिक, अन्नप्रक्रिया अशा शाखांतले इंजिनिअर तिने घडवले. २०२३ मध्ये या संस्थेचेच विद्यापीठ झाले.

देणारा गेला १९३० मध्ये आणि पहिला वर्ग भरला १९४२ मध्ये. मधली बारा वर्षे नजरेआड करू नयेत. मृत्युपत्रातून दिलेले दान देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फळत नाही. त्याला प्रश्न विचारायची सोय नसते. जे काही सांगायचे ते त्याने आधीच, नीट आणि पुरेसे सांगून ठेवलेले असावे लागते. या प्रकरणात जे पुढे येणार आहे, ते सगळे या एका अडचणीतून आलेले आहे.

मृत्युपत्रातून कॉलेजला देणगी म्हटले की असे खाणमालक, गिरणीमालक डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते आज अशा दानाची खरी शक्यता आहे ती पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या साध्या घरांमध्ये. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि त्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डीचे माळ कारखान्यांनी भरत गेले. टाटांच्या टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ पासूनचा. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे चाकणला मोठमोठ्या मोटार कंपन्या आल्या. या सगळ्या वर्षांत सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, कोकण इथून आयटीआयचे किंवा डिप्लोम्याचे सर्टिफिकेट घेऊन मुले येत राहिली, कॉट बेसिसवर राहिली, अप्रेंटिस झाली, परमनंट झाली. आता ती माणसे निवृत्त आहेत. प्राधिकरणात घर आहे, बँकेत ठेवी आहेत, मुले आपापल्या पायांवर उभी आहेत. ज्या एका कागदामुळे गेटमधून आत जाता आले, तो कागद देणारी संस्था मात्र पुष्कळदा तिथेच आहे, आणि तिच्या वसतिगृहात आजही फी भरताना ओढाताण होणारी मुले आहेत.

अशा माणसाने सगळी इस्टेट कॉलेजला द्यावी, असे कोणी म्हणत नाही. घरचे आधी. पण पाच, दहा, पंधरा टक्के हिस्सा मागे ठेवणे त्याला सहज शक्य असते. हयातीत एवढी रक्कम हातावेगळी करायला मन धजत नाही, आणि ते योग्यही आहे, कारण आजारपण किती वर्षांचे आणि किती खर्चाचे निघेल हे कोणाला माहीत? मृत्युपत्राचा मोठा गुण हाच की शेवटच्या श्वासापर्यंत सगळे आपलेच असते. विचार बदलला तर नवे मृत्युपत्र करता येते आणि शेवटचे तेच खरे धरले जाते.

ब्रिटनमध्ये मोठी इस्टेट मागे ठेवली तर एका मर्यादेपुढे ४० टक्के वारसा कर लागतो आणि धर्मादाय कामाला ठरावीक हिस्सा दिला तर उरलेल्यावरचा दर ३६ टक्क्यांवर येतो. अमेरिकेतही मोठ्या इस्टेटींवर कर आहे. त्यामुळे तिथल्या कॉलेजांमध्ये मृत्युपत्रातील देणग्या मिळवण्यासाठी स्वतंत्र विभाग असतात. आपल्याकडचा संपदा शुल्काचा कायदा १९५३ चा. १९८५ मध्ये ते शुल्क रद्द झाले. तेव्हापासून मृत्युपत्राने कॉलेजला काही दिले तर मृताच्या पदरात कराची सवलत पडत नाही. प्राप्तिकरातली वजावट हवी असेल तर देणगी हयातीतच द्यावी लागते. म्हणजे इथे जो कोणी असे कलम लिहितो, तो निव्वळ मनापासून लिहितो. या गोष्टीचे मला फार मोल वाटते.

याच पट्ट्याशी जोडलेले एक मोठे उदाहरण सांगितलेच पाहिजे. जमशेटजी टाटांनी विज्ञान संस्थेसाठी मुंबईतल्या इमारती आणि जमिनी बाजूला काढल्या होत्या. १९०४ मध्ये ते वारले तेव्हा संस्था कागदावरच होती. दोराबजी आणि रतन या मुलांनी वडिलांचा शब्द पाळला, म्हैसूर संस्थानाने १९०७ मध्ये बंगळूरला सुमारे ३७१ एकर जमीन दिली, १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली आणि १९११ मध्ये विद्यार्थी आले. पुढे सर रतन टाटा १९१८ मध्ये गेले आणि त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९ चा न्यास उभा राहिला. दोराबजींनी निराळी वाट धरली. १९३२ मध्ये मृत्यूच्या काही महिने आधी त्यांनी हयातीतच न्यास केला आणि जवळजवळ सारी संपत्ती त्यात घातली. टाटा समाजविज्ञान संस्था आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या न्यासाच्या पाठबळावर सुरू झाल्या. आज टाटा सन्सची सुमारे ६६ टक्के मालकी अशा न्यासांकडे आहे. पिंपरीच्या कारखान्यात बनलेल्या ट्रकच्या नफ्याचा काही अंश शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कागदांमुळे आजही शाळा-कॉलेजांकडे वळतो.

वडिलांची इच्छा मुलांनी पुरी केली, हे जमशेटजींच्या गोष्टीतले मर्म आहे. मुलांनी तंटा केला असता तर? म्हणून कॉलेजला काही द्यायचे मनात आले, तर पहिले काम वकिलाकडे जाण्याचे नाही, घरात बोलण्याचे आहे. बायकोला, मुलाला, मुलीला समोर बसवून सांगावे, की एवढा भाग मी माझ्या कॉलेजसाठी ठेवणार आहे आणि का ठेवणार आहे. जे मृत्युपत्र मुलांना बाराव्यानंतर पहिल्यांदा कळते, त्यातल्या परक्या नावाकडे ती संशयाने पाहतात. ज्याची चर्चा दहा वर्षे जेवताना होत आली, त्याच्याकडे तसे पाहत नाहीत.

त्यानंतरचा प्रश्न, आपले नेमके काय आहे? स्वकष्टार्जित मिळकत पूर्णपणे आपली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला फक्त आपला हिस्सा हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० प्रमाणे मृत्युपत्राने देता येतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या मिळकतीत मुलींचाही जन्मसिद्ध वाटा आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते. गोव्यात पोर्तुगीज परंपरेच्या कायद्याने मुलांसाठी अर्धी मिळकत राखीव असते, त्यामुळे दान उरलेल्या अर्ध्यातूनच. ख्रिस्ती कुटुंबांवर तर एक विलक्षण बंधन होते. भारतीय वारसा अधिनियम १९२५ च्या कलम ११८ प्रमाणे पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मादाय कामाला काही द्यायचे, तर मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले असावे लागे. आपण कधी मरणार हे माहीत असल्याशिवाय पाळता न येणारी ही अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम खटल्यात घटनाबाह्य ठरवली.

प्राधिकरणातल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथले बहुतेक भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. आपण ज्याला माझे घर म्हणतो, त्याखालची जमीन कागदोपत्री भाडेपट्ट्याची असते आणि हस्तांतरणाला परवानगी व शुल्क लागते. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचा कारभार पीएमआरडीए आणि महापालिका यांच्यात वाटला गेला, त्यामुळे परवानगी कोणाकडे मागायची हेही भूखंडागणिक पाहावे लागते. भोसरीत किंवा चाकणला एमआयडीसीचा प्लॉट घेऊन वर्कशॉप टाकलेल्या छोट्या उद्योजकाचेही तेच. त्याचा प्लॉट ९५ वर्षांच्या करारावर असतो आणि महामंडळाच्या संमतीशिवाय तो दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

चाकण, खेड, मावळ भागातल्या शेतकऱ्याने आणखी जपून पावले टाकावीत. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणभोवतीच्या जमिनींचे भाव कारखान्यांमुळे कुठल्या कुठे गेले. ज्या शाळा-कॉलेजात शिकलो त्याला बांधालगतचा एक तुकडा द्यावा, असे अनेकांना मनापासून वाटते. पण सातबाऱ्यावर शेती असलेली जमीन शेतकरी नसलेल्याच्या नावे करण्यावर १९४८ च्या कुळकायद्याची बंधने आहेत, आणि शिक्षणसंस्था ही काही शेतकरी नव्हे. त्याच मूळ कायद्याच्या गुजरातेतील रूपाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की बिगरशेतकऱ्याला शेतजमीन मृत्युपत्रानेही देता येणार नाही. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर सरकारी परवानगीची वेगळी अट आहे. अशा वेळी जमीन देण्याचा हट्ट सोडावा. माझ्या पश्चात ही जमीन कायद्याप्रमाणे विकून येणाऱ्या पैशाचा अमुक भाग संस्थेला द्यावा, असे लिहावे. किंवा भूसंपादनाचा मोबदला, मुदत ठेवी, सोने, बिगरशेती प्लॉट यांतून द्यावे.

नॉमिनीचा गोंधळ तर घरोघरी आहे. एफडीवर, शेअरवर, सोसायटीच्या फॉर्मवर कोणाचे तरी नाव घातले म्हणजे वाटणी झाली, असे पुष्कळ शिकलेली माणसेही समजतात. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक ठरतात ते वारस किंवा मृत्युपत्रातील लाभार्थी. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या म्युच्युअल फंडांवरून आणि ठेवींवरून जो वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने हेच तत्त्व शेअर आणि रोख्यांसाठी पक्के केले. म्हणून एफडीवर नॉमिनी मुलगा असला तरी मृत्युपत्रात त्या एफडीतला हिस्सा कॉलेजला लिहिता येतो, मात्र मुलाला ते आधी ठाऊक हवे. नोकरीत असलेल्यांनी पीएफ आणि ग्रॅच्युइटी या हिशेबातून वगळावी. कुटुंब असताना तिथे कुटुंबाबाहेरचे नॉमिनेशन चालतच नाही.

आता ज्याला द्यायचे त्याचे नाव. इथे फार मृत्युपत्रे अडतात. पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नाही. ते साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेचे आहे. राजगुरुनगरचे हुतात्मा राजगुरू महाविद्यालय खेड तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचे. निगडीचे पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय पिंपरी चिंचवड एज्युकेशन ट्रस्टचे. देणगी संस्थेच्या नावे लिहायची, तिचा सार्वजनिक विश्वस्त नोंदणी क्रमांक आणि पत्ता द्यायचा, आणि कोणत्या कॉलेजसाठी हे पुढे सांगायचे. नुसते माझ्या कॉलेजला असे लिहिले तर वाद ओढवून घेतल्यासारखे होईल. नावे बदलतातही. शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात १८५४ ची, मधल्या काळात त्याची नावे बदलत गेली आणि २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. नाव चुकले तरी आशय स्पष्ट असेल तर कायदा देणगी बुडू देत नाही, पण तो आशय सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागू नये, यासाठी ‘किंवा तिची उत्तराधिकारी संस्था’ एवढे चार शब्द घालावेत.

परदेशी गेलेल्यांसाठी एक गोष्ट. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने दिलेला पैसा हा विदेशी निधी धरला जात नाही. ज्याने न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये तिथले नागरिकत्व घेतले, त्याची देणगी मात्र विदेशी अंशदान ठरते. घेणाऱ्या संस्थेची विदेशी अंशदानाच्या कायद्याखाली नोंदणी हवी आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतूनच यावा लागतो. आपल्या जुन्या कॉलेजच्या संस्थेकडे ही नोंदणी आहे का, हे मृत्युपत्र करण्यापूर्वी एका पत्राने विचारता येते.

घर थेट संस्थेला द्यावे की विकून पैसा द्यावा? मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. फ्लॅट एकदा विश्वस्त संस्थेच्या मालकीचा झाला की तो विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ते बंधन संस्थांच्या मालमत्तेवर कोणी हात मारू नये म्हणून आहे आणि ते आवश्यकच आहे. पण चिंचवडच्या तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके साताऱ्याच्या संस्थेने सांभाळायचा, त्याचा मेंटेनन्स भरायचा, भाडेकरू शोधायचा आणि मग परवानगीसाठी अर्ज करायचा, यात देणाऱ्याच्या हेतूचा जीव जातो. मृत्यूनंतर मिळकत आधी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे एक्झिक्युटरकडे, येते. त्यानेच विक्री करून रक्कम द्यावी असे लिहिले तर सगळे सुटसुटीत होते. कलम साधारण असे लिहिता येईल:

‘माझी वर नमूद केलेली सदनिका माझ्या व माझ्या पत्नीच्या पश्चात मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी बाजारभावाने विकावी. खर्च व देणी भागवून उरलेल्या रकमेपैकी ८५ टक्के माझ्या दोन्ही अपत्यांना समसमान द्यावी आणि १५ टक्के अमुक शिक्षण संस्था, नोंदणी क्रमांक अमुक, किंवा तिची उत्तराधिकारी संस्था हिला कायम निधी म्हणून द्यावी. या निधीच्या व्याजातून संस्थेच्या अमुक येथील महाविद्यालयातील गरजू विद्यार्थ्यांची फी भरावी. हा उद्देश पुढे पार पाडणे अशक्य झाल्यास संस्थेने त्याच्या सर्वांत जवळच्या शैक्षणिक कामासाठी व्याज वापरावे.’

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते पाहण्यासारखे आहे. टक्केवारी लिहिली, कारण आज लिहिलेल्या दोन लाखांची किंमत पंचवीस वर्षांनी काय राहील सांगता येत नाही. घराच्या किमतीबरोबर टक्का आपोआप वाढतो. शेवटचे वाक्य घातले, कारण अभ्यासक्रम बंद पडतात, फी माफ होते, संस्था विलीन होतात. तसे वाक्य नसले तर विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे न्यायालयाकडून पर्यायी उद्देश ठरवून घेता येतो, पण त्यात वर्षे जातात. पत्नीच्या पश्चात हे शब्द मात्र दिसतात तितके सरळ नाहीत. पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क आणि नंतर संस्थेला, अशी रचना केली आणि तो हक्क तिच्या पोटगीपोटी दिला असे ठरले, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे ती पूर्ण मालक होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या तुलसम्मा निकालात म्हटले, आणि ते स्त्रियांच्या बाजूने टाकलेले मोठे पाऊल होते. त्यानंतरच्या निकालांत या मुद्द्यावर एकवाक्यता राहिलेली नाही. त्यामुळे नवरा-बायको दोघांनी एकमेकांशी बोलून आपापली स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत आणि दोन्हींत संस्थेचे कलम सारखेच ठेवावे. घर बऱ्याचदा दोघांच्या नावावर असते, त्यामुळे तिची इच्छा तशीही विचारलीच पाहिजे.

पैशाचा हिशेब छोटाच आहे. समजा घर ८० लाखांना गेले. १५ टक्के म्हणजे १२ लाख. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला ८४ हजार. त्यातले २४ हजार, म्हणजे मुद्दलाच्या दोन टक्के, महागाईसाठी परत मुद्दलात घातले तर ६० हजार उरतात. पंधरा हजारांप्रमाणे चार मुलांची मदत. दरवर्षी चार. चाळीस वर्षांत एकशे साठ. एका फिटरच्या घरातून हे होऊ शकते, आणि तरीही मुलांच्या वाट्याला ६८ लाख राहतात. दालनाला नाव, प्रवेशद्वारावर पाटी यांपेक्षा मला हे दान मोठे वाटते. इमारतींसाठी सरकारी योजना असतात, उद्योगांचा सामाजिक निधी असतो. ऐन जूनमध्ये फीचा हप्ता चुकल्यामुळे डिप्लोमा सोडणाऱ्या मुलासाठी मात्र फार थोड्यांकडे पैसा असतो. ज्यांनी स्वतः दिवसा कंपनीत आणि संध्याकाळी वर्गात बसून शिक्षण पुरे केले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कागदाचे सोपस्कार कमी आहेत, म्हणून ते हलके समजू नयेत. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साध्या कागदावर चालते. सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही सही करायची, ही अट मात्र अटळ आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण दान परक्याला असेल तर ती जरूर करावी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात संगणकासमोर बसवून फोटो घेतात, बोटांचे ठसे घेतात, साक्षीदारांची ओळखपत्रे पाहतात. बरोबर डॉक्टरांचा दाखला ठेवावा, शक्यतो त्याच दिवसाचा, की गृहस्थ पूर्ण शुद्धीत आहेत आणि त्यांना लिहिलेले समजते. कायदा तो मागत नाही, पुढे वाद झाला तर न्यायाधीश मात्र पाहतात. मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांतल्या मिळकतींसाठी हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची जी जुनी अट होती, ती पिंपरी-चिंचवडला कधीच लागू नव्हती.

एक पथ्य कॉलेजांनी पाळायचे आहे. संशयास्पद परिस्थितीत झालेल्या मृत्युपत्राचे कसून परीक्षण करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितले, आणि ज्याला लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेणे हे त्यातले ठळक लक्षण. म्हणून प्राचार्यांनी किंवा विश्वस्तांनी वकील पुरवू नये, साक्षीदार होऊ नये, निबंधक कार्यालयात गाडी घेऊन सोबत जाऊ नये. त्यांनी एवढेच करावे: संस्थेचे अचूक नाव, नोंदणी क्रमांक, कायम निधीचे नियम आणि गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागणाऱ्याला लेखी द्यावेत. जी संस्था हिशेब दाखवायला कां-कूं करते, तिला काही देऊ नये.

व्यवस्थापक कोण नेमायचा, यावर सगळे अडते किंवा सुटते. आल्फ्रेड नोबेलने १८९५ मध्ये वकिलाशिवाय मृत्युपत्र लिहिले. ज्या संस्थांनी पारितोषिके द्यायची त्यांना विचारलेही नव्हते, आणि निधी सांभाळणारी संस्था अस्तित्वातच नव्हती. १८९६ मध्ये तो गेल्यावर नातेवाइकांनी विरोध केला, संस्थांनी आढेवेढे घेतले. रॅग्नर सोलमन नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरला नोबेलने व्यवस्थापकांपैकी एक नेमले होते. त्याने नातेवाइकांशी तडजोड केली, संस्थांचे मन वळवले आणि १९०१ मध्ये पहिली पारितोषिके दिली गेली. आपल्यापेक्षा वयाने लहान, हिशेबाला चोख, घरच्यांशी बोलता येईल असा माणूस हवा. शॉपमधला जुना सहकारी चांगला, पण तोही सत्तरीचा असेल तर सोबत दुसरे नाव घालावे. धाकट्या पिढीतली भाची, पुतण्या, कॉलेजचाच एखादा तरुण माजी विद्यार्थी, जो संस्थेच्या पगारावर नाही, असे चालेल.

मूळ प्रत कुठे ठेवायची? बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आणि लॉकर एकट्याच्या नावावर असला, तर ती मिळेपर्यंत महिने जातात. नोंदणी कायद्याप्रमाणे बंद लिफाफ्यातले मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देता येते. मृत्यूनंतर अर्ज केल्यावर ते उघडले जाते. एक प्रत व्यवस्थापकाकडे, एक घरी. संस्थेला प्रत देण्याची गरज नाही, पण असे कलम केले आहे असे चार ओळींचे पत्र पाठवायला हरकत नाही. व्यवस्थापकाने पुढे करायची कामे त्याच लिफाफ्यात लिहून ठेवावीत: मृत्यूचा दाखला, सोसायटीला आणि संस्थेला पत्र, प्राधिकरणाच्या भूखंडाची परवानगी, मूल्यांकन, विक्री, कर्ज आणि कर यांची फेड, वाटप. आणि संस्थेला रक्कम देताना पावतीवर कायम निधीसाठी हे शब्द आहेत ना, हे पाहून मगच सही घ्यावी, कारण पावती नुसत्या देणगीची असली तर ती रक्कम संस्थेच्या त्या वर्षीच्या चालू खर्चात जमा धरली जाऊ शकते.